घराबाहेरचा लाकडाचा बॉयलर किती मोठा घ्यावा?

अमेरिकेत मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडच्या खेडेगावांत बऱ्याच घरांना गॅसची पाइपलाइन नाही. तिथे प्रोपेनची टाकी असते, नाहीतर अंगणात टपरीसारखा उभा असलेला लाकडाचा बॉयलर. तत्त्व आपल्या बंबाचंच, मधे आग आणि भोवती पाणी. फक्त हे पाणी आंघोळीला काढायचं नसतं. ते जमिनीखालच्या पाइपातून घरात जातं, फर्नेसमधल्या (घराची हवा तापवणाऱ्या यंत्रातल्या) कॉइलला, म्हणजे नळ्यांच्या वेटोळ्याला, उष्णता देतं आणि परत येतं.

विक्रेता घराचं क्षेत्रफळ विचारतो आणि तासाला दोन लाख बीटीयूच्या (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक) मॉडेलवर बोट ठेवतो. ‘असू दे थोडा मोठा’ हा हिशेब कुकर घेताना चालतो, इथे अंगाशी येतो. पाणी 185 अंशांवर (सगळे अंश फॅरनहाइट) गेलं की डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, मिटतो. आत पन्नास किलो लाकूड आणि हवा बंद, म्हणजे ते जळत नाही, धुमसतं. धूर भट्टीच्या त्यामानाने थंड भिंतींना लागून डांबरासारखा चिकटतो. हेच क्रिओसोट. त्यातलं आम्ल पोलाद खातं आणि उरलेला धूर शेजाऱ्याकडे जातो. मोठा बॉयलर दिवसातला बहुतेक वेळ याच अवस्थेत काढतो.

तेव्हा क्षेत्रफळ विसरा आणि जानेवारीचं बिल काढा. समजा, 230 गॅलन प्रोपेन जळलं. गरम पाणी आणि स्वयंपाक यांचे 30 वजा केले की उरले 200. गॅलनमध्ये 91,500 बीटीयू असतात. फर्नेस 92 टक्के कार्यक्षम असेल तर घराला त्यातले 84,000 मिळाले. महिन्याचे झाले 1 कोटी 68 लाख. आता डिग्री-डे. दिवसाचं सरासरी तापमान 65 च्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे डिग्री-डे. मिनियापोलिसच्या जानेवारीत ते साधारण 1,500 होतात. आधी 1,500 ने भागा, मग 24 ने. उत्तर येतं 467: बाहेर एक अंश उतरला की घराला तासाला तेवढे बीटीयू जास्त लागतात. उणे 10 च्या रात्री 65 पासूनचा फरक 75 अंशांचा, म्हणून गरज तासाला 35,000. पाइपातून वाया जाणारी उष्णता आणि आंघोळीचं पाणी धरून 45,000 म्हणा.

एप्रिलमध्ये बाहेर 45 असताना हेच घर गरम ठेवायला तासाला 9,300 पुरतात. दोन लाखांच्या यंत्राच्या हे पाच टक्केसुद्धा नाही! माहितीपत्रकातला मोठा आकडा बहुधा कमाल क्षमतेचा असतो. तुलना करताना आठ तास टिकणाऱ्या उष्णतेचा आकडा मागा. आपल्या उदाहरणात तो 45 ते 60 हजारांत बसला की पुरे. जुना प्रोपेनचा फर्नेस काढू नका. त्याचा थर्मोस्टॅट नेहमीच्या तापमानाच्या चार अंश खाली लावून ठेवा. उणे 25 ची एखादी रात्र तो निभावून नेईल, आणि तेवढ्या एका रात्रीसाठी दुप्पट बॉयलर घेण्यात अर्थ नाही.

भट्टीचा आकार मात्र वेगळा तपासावा लागतो. कडाक्याच्या रात्री घर आणि पाइप मिळून तासाला 40,000 धरा. बारा तासांचे 4 लाख 80 हजार. 20 टक्के ओलाव्याच्या लाकडात पौंडाला सुमारे 6,880 बीटीयू असतात. कार्यक्षमता 65 टक्के धरली तर पाण्याला मिळतात साधारण 4,400. म्हणजे एका भरणीला 110 पौंड, पन्नास किलो. वेडीवाकडी फोडलेली लाकडं घनफुटात वीसेक पौंड बसतात आणि भट्टी दोन-तृतीयांशच भरायची असते, म्हणून आठ-नऊ घनफुटांची भट्टी पुरते. पाण्याच्या साठ्यावर फार विसंबू नका. 200 गॅलन पाणी 185 वरून 160 वर येईपर्यंत 41,700 बीटीयू देतं, म्हणजे या थंडीत जेमतेम तासभर.

‘बॉयलर कमी पडतो’ या तक्रारीमागे पुष्कळदा ओलं लाकूड असतं. 40 टक्के ओलावा असेल तर पौंडात 5,160 च उरतात, आणि त्यातलेही काही पाण्याची वाफ करण्यात जातात. ओलावा-मीटरच्या सुया ओंडक्याच्या टोकाला टोचू नका, टोक नेहमी कोरडंच दाखवतं. ओंडका फोडा आणि नव्याने उघडलेल्या अंगाला मधोमध टोचा. ओकला फोडून, रचून, वरून झाकून दोन उन्हाळे तरी द्यावेच लागतात.

दुसरा चोर जमिनीखाली. मिनिटाला 8 गॅलन पाणी वाहत असेल तर वाटेत उतरलेला प्रत्येक अंश म्हणजे तासाला 4,000 बीटीयू. फोम भरलेला चांगला पाइप 100 फुटांत अंशभर गमावतो. चंदेरी बुडबुड्यांचा कागद गुंडाळून नालीच्या नळीत सारलेल्या स्वस्त पाइपात पाणी शिरलं की दहा अंश सहज जातात, म्हणजे 40,000: घराच्या गरजेहून जास्त, मातीला! निदान सोपं आहे. बर्फ पडल्यावर बॉयलरपासून घरापर्यंत वितळलेली सरळ रेघ दिसते का, ते बघा.

रेघ नाही, लाकूड सुकं, बॉयलरवर 185, तरी खोल्या गार? मग कॉइल तपासा. येणाऱ्या-जाणाऱ्या पाइपांना एकेक तापमापक बांधा. मिनिटाला 8 गॅलन पाण्याने तासाला 35,000 द्यायचे तर दोघांत नऊ अंशांच्या आसपास फरक हवा. पंखा चालू असताना तो दोन-तीनच येत असेल, तर कॉइल लहान आहे किंवा तिच्या पात्या धुळीने बुजल्या आहेत. बॉयलर बदलून यात काहीच सुधारणार नाही.

आणि पैसे भरण्यापूर्वी राज्याचे नियम बघा. न्यूयॉर्कमध्ये नवा बॉयलर शेजाऱ्याच्या हद्दीपासून किमान 100 फूट लांब लागतो, धुराडं किमान 18 फूट उंच. पाइप किती फूट घ्यायचा, तेही यावरच ठरतं.