भरती आली की नल पळतो

मंडळी, दिवाडी बेटावरच्या माझ्या हॅम रेडिओच्या कार्डिऑइडचा (दोन उभ्या खांबांची, एकाच बाजूचं ऐकणारी अँटेना) नल, म्हणजे तिची बहिरी दिशा, कुठे पळतो ते सापडलं. मांडवीच्या भरतीबरोबर!

नल रोखलाय आग्नेयेकडच्या वाड्यातल्या एलईडी दिव्यांवर. त्यांची खरखर कधी साफ गायब, तर कधी जेमतेम एक एस-युनिट (सिग्नल मीटरची एक पायरी) खाली. कनेक्टरमधलं मीठ, मुंग्या, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. शेवटी दोन्ही व्हर्टिकलच्या (उभ्या खांबांच्या) पायथ्याशी करंट बघायला टोरॉइडचे (चुंबकी कड्यांचे) करंट ट्रान्सफॉर्मर घातले, थोडी कॅरिअर (नुसता सलग सिग्नल) सोडली आणि ऑसिलोस्कोप एक्स-वाय मोडवर टाकला, एक करंट आडवा, दुसरा उभा. करंट सारखे आणि त्यांच्यातला फेजचा फरक ९० अंश असेल तर पडद्यावर गोल दिसतो. ओहोटीला सुरेख गोल होता. इटलीचा एक क्षीण सीडब्ल्यू (मोर्स) सिग्नल स्वच्छ वर आला. दिशा उलटवली की गाडला जायचा. उगाच स्विच उलटसुलट करत बसलो. मग मानशीचं (बांधातल्या पाणदाराचं) दार पाण्याच्या रेट्याने मिटलं, आणि गोल डोळ्यांदेखत कलला, चेपला, तिरका अंडाकार झाला.

पुढच्या खांबाचे अर्धे रेडियल (पायथ्यापासून जमिनीवर पसरलेल्या तारा) बांधाच्या बाहेरच्या उतारावर, खाऱ्या चिखलात. मागचा गडग्याजवळ, कोरड्या जांभ्यावर. पाणी चढलं की पुढच्याचा ग्राउंड लॉस (जमिनीत वाया जाणारी शक्ती) घटतो. आधीच म्युच्युअल कपलिंगमुळे (खांबांच्या एकमेकांवरच्या परिणामामुळे) पायथ्याला इम्पीडन्सची साधारण २१−जे२० आणि ५१+जे२० ओहम अशी विषम जोडी. ९० अंशांची केबल करंटला ९० अंशच मागे टाकते, पण लोड (इथे खांब) केबलच्या इम्पीडन्सला मॅच असेल तरच. इथे लोडच दिवसातून दोनदा वरखाली.

म्हणून आता हॅम रॉय लेवॉलनचं (कॉलसाइन डब्ल्यू७ईएल) करंट फोर्सिंग. मध्यापासून प्रत्येक खांबाला क्वार्टर-वेव्ह (पाव तरंगलांबीची) केबल; टोकाचा करंट सुरुवातीच्या व्होल्टेजवर आणि केबलच्या इम्पीडन्सवर ठरतो, लोड काही का असेना. ७.१ मेगाहर्ट्झला आरजी-२१३ केबलची व्हेलॉसिटी (प्रकाशाच्या तुलनेत सिग्नलचा वेग) ०.६६ धरून ६.९७ मीटर, खांबांत १०.५ मीटर अंतर, म्हणजे आरामात पोचते. छापील आकड्यावर मात्र जाऊ नका. ऑनलाइन मागवलेलं माझं बंडल नॅनोव्हीएनएवर (अँटेना-केबल मोजायचं छोटं यंत्र) भलतंच निघालं. मोजून कापा.

हे लिहिताना एक खटकलं. दोन खांबांत ९० अंशांचा फेज देणारं एल-नेटवर्क (कॉइल-कपॅसिटरची जोडी) लोड धरूनच काढायचं असतं, म्हणजे भरती तिथून परत घुसणार. आणि नल मला हवाय तो ऐकताना! मग रिसीव्हसाठी आखूड, हाय-इम्पीडन्स बफरवाले (अँटेनावर भार न टाकणाऱ्या सर्किटवाले) दोन व्हर्टिकल का नकोत? त्यांच्यात कपलिंग नगण्य, फेज नुसत्या केबलच्या लांबीने. त्यासाठीचे जे३१० ट्रान्झिस्टर पडून आहेतच. एल-नेटवर्कची कॉइल गुंडाळून झालीय, तीही जोडून बघेन, पण आता जीव बफरमध्ये अडकलाय.

पावसाळ्यात असा बफर उघड्यावर कोणी टिकवला असेल तर डबी कशी बंद केली ते सांगा. सिलिकॉनवरचा माझा विश्वास उडालाय.