झुकिनीचे सांडगे

न्यू जर्सीतील आमच्या परसात मे महिन्याच्या अखेरीस मी झुकिनीची, म्हणजे काकडीसारख्या दिसणाऱ्या भोपळ्याच्या कुळातल्या फळभाजीची, चार रोपे लावली आणि घरात खाणारी माणसे दोनच आहेत, हे जुलै उजाडेपर्यंत माझ्या लक्षात आले नाही. फळ सात-आठ इंचांचे झाले की तोडावे हे ठाऊक असूनही एखादे पानांआड राहून जाते आणि तीन दिवसांनी दंडाएवढे होऊन समोर येते. अमेरिकेत 8 ऑगस्ट हा शेजाऱ्याच्या ओसरीवर गुपचूप झुकिनी ठेवून येण्याचा दिवस म्हणून गमतीने पाळला जातो. पण आमच्या शेजाऱ्यांच्याही परसात तीच असल्यामुळे ती वाट बंद होती. फुलांची भजी करून पीक आटोक्यात ठेवावे, तर भज्यांसाठी आपण खुडतो ती बारीक देठाची नर फुले, आणि ती वेलीवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतात, त्यामुळे ती खुडून फळे काही कमी होत नाहीत.

झुकिनीत सुमारे 95 टक्के पाणी असते, त्यामुळे ती फ्रिजमध्ये जेमतेम आठवडा काढते. फ्रीझरमध्ये ठेवायची तर चकत्यांपेक्षा किस बरा, असे माझे मत झाले आहे, कारण उकळत्या पाण्यात तीन मिनिटे धरून गोठवलेल्या चकत्याही नंतर लिबलिबीत होतात. किस सालासकट करावा, फळ जून असेल तर मधला बियांचा गर काढून टाकावा, एक-दोन मिनिटे वाफवून लगेच गार करावा आणि दोन-दोन वाट्यांच्या पिशव्या भराव्यात. वितळल्यावर या किसातून जे पाणी सुटते ते ओतून न देता मी त्यातच थालिपिठाची भाजणी भिजवते, आणि वेगळे पाणी क्वचितच लागते.

बरण्यांत भरून फळीवर ठेवण्याचा मोह मात्र आवरावा. झुकिनीत आम्लता फार कमी असते. अशा हवाबंद बरणीत बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू विष तयार करू शकतात, आणि नुसत्या झुकिनीसाठी घरगुती बरणीबंदीची तपासलेली पद्धत इथे उपलब्ध नाही. पाच टक्के आम्लतेच्या व्हिनेगरमधील लोणचे, तेही तपासलेल्या प्रमाणानेच केलेले, चालते. आपले मोहरी-तेलाचे लोणचे मी फ्रिजमध्येच ठेवते आणि चार-पाच दिवसांत संपवते.

मनापासून करावेसे वाटले ते सांडगे. आजी कोहळ्याचे करीत असे: किस पिळून घ्यायचा, भिजवून वाटलेली उडदाची डाळ, हिरवी मिरची, हिंग आणि मीठ घालून कालवायचा आणि कडक उन्हात प्लास्टिकच्या कागदावर बोटांनी घालायचा. तिचे वाळवण चैत्र-वैशाखातले. आमची झुकिनी येते ती इथल्या दमट ऑगस्टमध्ये. पहिला घाणा मी हौसेने उन्हात घातला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यावर बुरशीची पांढरी लव दिसल्यावर सगळा टाकून दिला. दुसऱ्या खेपेस, दोन किलो किसाला अर्धा किलो डाळ घेऊन, सांडगे 57 अंश सेल्सिअसवर वाळवणयंत्रात ठेवले. मोडताना कटकन आवाज येईपर्यंत रात्र गेली. किस पंच्यात बांधून जितका घट्ट पिळाल तितका वेळ वाचतो, पण अगदी कोरडा केला तर डाळीशी मिळून येत नाही.

किसण्याआधी प्रत्येक फळाचा लहानसा कच्चा तुकडा जिभेवर ठेवून पाहावा. तो कडू लागला तर ते फळ टाकून द्यावे, कारण तो कडूपणा कुकरबिटासिन या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवून जात नाही.

तळल्यावर हे सांडगे कोहळ्याच्या सांडग्यांइतके फुलत नाहीत आणि किंचित गोडसर लागतात. दहीभाताबरोबर मला ते आवडले. घरातल्या दुसऱ्या माणसाने मात्र कोहळा कुठे मिळेल, अशी चौकशी केली आहे.