सहा मिनिटांचा हिशोब

वैमानिक व्हायचंय असं घरी सांगितलं, तेव्हा बाबांनी एकच विचारलं, "एकूण किती?" मी उड्डाण शाळेच्या माहितीपत्रकावरचा आकडा सांगितला. तो खोटा नव्हता, अपुरा होता.

एक गोष्ट मात्र नशिबाने योग्य क्रमाने झाली. कुठल्याही शाळेला छदामही देण्याआधी मी क्लास १ मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणारी वैद्यकीय तपासणी, करून घेतली. ईसीजी, कान, डोळे आणि रंगीत ठिपक्यांत दडलेले आकडे ओळखायची ती इशिहारा चाचणी. माझ्या आधी आत गेलेला मुलगा अर्धी फी भरून आला होता. त्या ठिपक्यांतले निम्मे आकडे त्याला दिसलेच नाहीत. मी बाहेर आलो तेव्हा तो कोपऱ्यात उभा राहून शाळेला फोन लावत होता.

माहितीपत्रकातला सगळा घोळ 'किमान' या शब्दात असतो. कमर्शियल लायसन्ससाठी, म्हणजे पगारी वैमानिकाच्या परवान्यासाठी, आंतरराष्ट्रीय नियमाने किमान २०० तास उड्डाण लागतं, मान्यताप्राप्त सलग कोर्स असेल तर १५०. फी या किमान तासांवर बेतलेली असते. पण किमान तासांत पार पडणारे थोडेच. हवा बिघडते, एखादं लँडिंग आठवडाभर जमतच नाही, चाचणी पुन्हा द्यावी लागते. वर परीक्षांची फी, लँडिंगचे पैसे, हेडसेट, राहणं-खाणं. मी पुढे सगळ्यांना एकच सांगत आलो: छापील फीवर किमान पाव भाग वाढवा आणि मग बँकेत जा.

आता मीटरबद्दल. शिकाऊ विमानाचं भाडं बहुतेक ठिकाणी हॉब्ज मीटरवर, म्हणजे इंजिन चालू असलेला वेळ मोजणाऱ्या मीटरवर, लागतं. तासाचा दहावा भाग, म्हणजे ६ मिनिटं झाली की शेवटचा आकडा सरकतो. तुम्ही हवेत आहात की धावपट्टीच्या तोंडाशी खोळंबलाय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आमच्या पुढे एखादं मोठं जेट उडालं की त्याच्या मागे राहणारे हवेचे भोवरे विरेपर्यंत आमच्या छोट्या सेसना १७२ विमानाला दोन-तीन मिनिटं थांबावं लागायचं. इन्स्ट्रक्टर निवांत बाहेर बघत बसायचा, मी त्या आकड्याकडे. तो हळूच वर सरकताना दिसायचा; आधी अर्धा, मग पूर्ण. मी एक वेगळी वहीच घातली होती: डावीकडे तास, उजवीकडे शाळेकडे उरलेले पैसे. चेकलिस्ट आणि रेडिओवरची वाक्यं मी बंद विमानात बसून पाठ करायचो. त्याचं भाडं लागत नाही.

खरी चूक झाली ती आगाऊ रकमेत. सगळी फी एकदम भरली तर सूट मिळेल, असं शाळेने सांगितलं. मी निम्मी भरली आणि स्वतःला फार हुशार समजलो. (शाळेचं नाव लिहीत नाही, पण असे प्रसंग अनेक ठिकाणी घडतात.) चार विमानांपैकी एक १०० तासांच्या तपासणीला गेलं, दुसऱ्याच्या इंजिनाचा भाग येईना. उरलेल्या दोघांवर आम्ही सगळे. आठवड्यातून तीनदा उडणारा मी पंधरा दिवसांतून एकदा उडू लागलो. इतका खंड पडला की हात विसरतो. प्रत्येक वेळी पहिला अर्धा तास जुनंच पुन्हा शिकण्यात जायचा, अर्थात माझ्याच खर्चाने. पैसे परत मागितले तर करारातलं कलम दाखवलं. ते कलम मी सही करण्याआधी वाचलंच नव्हतं.

याचा फटका भलत्याच जागी बसला. कर्जाचे हप्ते कोर्स संपल्यावर काही महिन्यांनी सुरू होणार होते, पण बँकेच्या लेखी कोर्स ठरलेल्या तारखेलाच संपला. व्याज तर पहिल्या दिवसापासून चढत होतं. हप्ते सुरू झाले तेव्हा माझी ३०० नॉटिकल मैलांची एकट्याने करायची लांब फेरीसुद्धा बाकी होती. चार हप्ते मावसभावाने भरले. त्यानंतरच्या टप्प्यांचे, मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान) आणि इन्स्ट्रुमेंट (बाहेर न दिसता उपकरणांवर उडवणं) रेटिंगचे पैसे मी दुसऱ्या शाळेत भरले, टप्पा संपेल तसे. सूट मिळाली नाही.

लायसन्स हातात आलं म्हणजे नोकरी लागली, असंही नाही. मध्ये टाइप रेटिंग, म्हणजे ठराविक विमान उडवायची पात्रता, असते आणि ती एकाच प्रकारच्या विमानाची. स्वतःच्या पैशाने एअरबस ए३२० चं घेतलं आणि जागा बोइंग ७३७ वर निघाली, तर काय उपयोग? बरोबरच्या दोघांनी नोकरी नसताना ते घेतलं. मी थांबलो, पार्ट-टाइम ग्राउंड क्लासमध्ये मुलांना थिअरी शिकवली आणि दहा महिन्यांनी एका कंपनीने बॉण्डवर घेतलं: रेटिंगचा खर्च त्यांचा, ठरलेली वर्षं भरण्याआधी सोडलं तर वसुली. बॉण्डला लोक नावं ठेवतात. ठेवोत. मला नवं कर्ज काढावं लागलं नाही.

सिम्युलेटरचं पहिलं सत्र चार तासांचं होतं, दोन तास मी उडवायचं, दोन तास जोडीदाराने. उड्डाणाच्या परवानगीची वाट बघत उभे होतो आणि माझी नजर पॅनेलवर काहीतरी शोधत होती. जोडीदाराने विचारलं, "काय हवंय?"

"काही नाही," म्हटलं. हॉब्ज मीटर शोधत होतो.