जिन्यातली मेलेली तार

सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीत फायबर आलं. आईचा लँडलाइन नंबर तोच राहिला, पण गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली की आता फोनही बंद. "पूर्वी असं नव्हतं हो," हे आईचं दर गुरुवारचं वाक्य. खरंच नव्हतं. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांचे 48 व्होल्ट तांब्याच्या तारेवरून थेट फोनपर्यंत यायचे. काचेच्या तंतूतून नुसता प्रकाश येतो. वाटेत तो प्रकाश घराघरांत वाटणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, पण प्रकाशातून फोन काढून देणाऱ्या भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याला घरचे 12 व्होल्ट लागतातच. छोटा यूपीएस आणला, तो तीन तासांत मान टाकायचा.

तळमजल्यावर काकांच्या दुकानात इन्व्हर्टर आहे. आणि जुन्या फोनच्या तांब्याच्या तारांची जोडी जिन्याच्या कडेने तिसऱ्या मजल्यापर्यंत तशीच लोंबत होती. बाहेरच्या केबलपासून ती तोडलेली आहे ना, एवढं लाइनमनकडून पक्कं करून घेतलं.

खाली इन्व्हर्टरवर 12 व्होल्टचा अडॅप्टर लावून त्याची वीज त्या जोडीतून वर सोडली. वर मल्टिमीटर बरोबर 12 दाखवत होता. डबा जोडला, दिवे लागले, विझले, परत लागले. मग खालची दोन टोकं एकत्र पिळून वर रोध मोजला: 7 ओहम. जाऊन-येऊन 80 मीटर बारीक तार! डबा साधारण 8 वॅटचा, म्हणजे पाऊण अँपिअरच्या आसपास प्रवाह, म्हणजे पाचेक व्होल्ट जिन्यातच गडप. नुसतं मोजताना प्रवाहच नसतो, त्यामुळे मीटर खुशाल 12 दाखवतो. तेच 8 वॅट 48 व्होल्टने पाठवले तर प्रवाह पावपट आणि तूट दीड व्होल्टच्या आत.

तपकीर गल्लीतून 48 व्होल्टचा अडॅप्टर आणि वर व्होल्टेज उतरवायला एक मॉड्यूल आणलं. मॉड्यूल जोडताक्षणी फट्! ते 40 व्होल्टपर्यंतचंच होतं. दुकानदाराकडे गेलो तर, "48 देणार हे सांगितलं होतंत का?" नव्हतं सांगितलं. 60 व्होल्ट सोसणारं दुसरं घेतलं, अर्थात पूर्ण पैसे मोजून. या वेळी आधी आउटपुट 12 वर आणलं, खाली एक फ्यूज टाकला आणि मगच डबा जोडला.

पुढच्या गुरुवारी साडेदहाला पंखा थांबला. अकराला चिंचवडहून मावशीचा फोन.

"हो, गेलीय ना लाईट," आई म्हणाली. "तू बोल."