दोष कोणात आहे, हे तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाला दहा वर्षं झाली, मूल नाही. हा प्रश्न मला विचारला गेला तो नेहमी आवाज खाली आणून. पंगतीत शेजारी बसलेल्या मामांनी विचारला, ऑफिसातल्यांनी विचारला. परवा नागपुरात सक्करदऱ्याच्या बाजारात जुनी शेजारीण भेटली, मेथीची जुडी हातात धरून म्हणाली, "पण काऊन गा, नेमकं कोनात हाय?" दरवेळी मी "उपचार सुरू आहेत" म्हणून सटकलो. आता सांगतो.

माझ्यात आहे.

हे लिहिल्याबरोबर पुढे "पण" लावावासा वाटतो, आणि तो "पण" खोटाही नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण सापडतं, कधी एकटं, कधी बाईकडच्या कारणासोबत. काहींच्या बाबतीत सगळे रिपोर्ट चांगले येऊनही कारण सापडत नाही. म्हणून "कोणात" हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. पण हे मला सुचलं केव्हा? माझा रिपोर्ट आल्यावर. त्याआधी हाच प्रश्न मी स्वतः विचारत होतो, आणि उत्तर मला ठरवूनच हवं होतं.

वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर दोघांची तपासणी एकदमच सुरू करायची असते. बाई पस्तिशीच्या पुढची असेल तर सहा महिन्यांतच. आमच्या पहिल्या डॉक्टरांनी पहिल्याच चिठ्ठीवर माझी वीर्यतपासणी लिहिली होती. मला कुणी सांगितलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो, पण ती चिठ्ठी घडी घालून फ्रिजवर पडलेली मी रोज बघत होतो. आधी तुझं होऊ दे, मग माझं बघू, असं मीच बायकोला म्हणालो. तीन वर्षं ती धंतोलीतल्या दवाखान्याच्या चकरा मारत राहिली. थायरॉईड, प्रोलॅक्टिन, एएमएच अशा रक्ततपासण्या, बीज कधी फुटतं हे बघायला एकाआड एक दिवस सोनोग्राफी. माझी तपासणी म्हणजे एक डबी भरून द्यायची होती, तेवढीच.

मग मे महिन्यात तिची एचएसजी झाली. पाळी संपल्यावर करतात ती. बारीक नळीने गर्भाशयात औषध सोडतात आणि ते दोन्ही बीजनलिकांतून पुढे जातं का, हे एक्स-रेवर बघतात. आत जाताना ती म्हणाली, इथेच थांब. मी हो म्हटलं आणि खाली पानठेल्यावर गेलो. तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून घेतला, पन्नी खिशात टाकली, सावलीत उभा राहिलो. वर आलो तेव्हा ती बाकावर पोट धरून बसली होती. ओढणीचं टोक ओलं होतं, दातांत धरलेलं. "किती वेळ गेला होतास," एवढंच म्हणाली.

रिपोर्टमध्ये डावी नळी बंद होती. ते वाचून मला हलकं वाटलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझी बायको दुखण्याने वाकलेली होती आणि मला सुटल्यासारखं वाटलं. जिना उतरताना मी आईला फोन लावला. म्हटलं, "आई, तिच्यात आहे. नळी बंद आहे." आई म्हणाली, "कळलं तरी एकदाचं." बायको माझ्यामागे दोन पायऱ्यांवर होती. एरवी गाडीवर तिचा हात माझ्या खांद्यावर असतो. त्या दिवशी अजनीचा पूल ओलांडून मानेवाड्यापर्यंत तिने मागचा दांडा धरला होता. उन्हात तापलेला लोखंडी दांडा.

संध्याकाळपर्यंत ते वाक्य अख्ख्या नात्यात पोचलं.

माझी डबी त्यानंतर वर्षाने गेली, तीही दुसऱ्या डॉक्टरांनी आधी रिपोर्ट आणा मग बोलू म्हटल्यावर. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवावा लागतो, म्हणून थंडीत शर्टाच्या आत धरून नेली. एका मिलीलिटरमध्ये 40 लाख शुक्राणू निघाले. जागतिक आरोग्य संघटनेची 2021 ची खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आहे. त्याखाली मूल होतच नाही असं नसतं, आणि एका रिपोर्टवर ठरवतही नाहीत. दुसरा केला, तोही तसाच. मग कळलं, व्हेरिकोसील आहे. वृषणाच्या शिरा फुगलेल्या, त्यात रक्त साचून ऊब वाढते, आणि शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा गार जागा लागते. शंभरातल्या पंधरा पुरुषांना हे असतं आणि त्यातल्या बऱ्याच जणांना मुलंही असतात. मी लगेच तो आकडा धरून बसलो. डॉक्टरांनी खर्ऱ्याचं विचारलं. तंबाखूने संख्या आणि चाल दोन्ही बिघडू शकतात. कॉलेजपासून खातो, म्हटलं.

तिच्या नळीबद्दल ते जे बोलले ते मला आजही झोपू देत नाही. त्या तपासणीत दुखण्याने नळीच्या तोंडाचा स्नायू आवळला तरी नळी बंद दिसते. दुर्बिणीने बघितल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. आणि एक खरंच बंद असली तरी उजवी उघडी होती, दिवस राहायला तेवढी पुरते.

म्हणजे माझा तो फोन धड खराही नव्हता. आणि दुसरा फोन मी केलाच नाही. नंतरची पाच वर्षं नातेवाईक तिला नळी मोकळी करणारे काढे पाठवत राहिले. माझा रिपोर्ट तिला माहीत होता. तरी ती ते प्यायली.

माझं व्हेरिकोसीलचं ऑपरेशन झालं. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिन्यांनी रिपोर्ट केला, 90 लाख आले. खर्रा दोनदा सुटून परत लागला, तिसऱ्यांदा सुटला. दिवस राहिलेले नाहीत. आता इक्सी सुचवलंय, लॅबमध्ये एकच शुक्राणू बारीक सुईने बीजात सोडतात ते. म्हणजे तिला पुन्हा इंजेक्शनं, माझी पुन्हा डबी. तिचा होकार नाही, नकारही नाही. मला विचारायचा हक्क आहे का, हेच मला कळत नाही.

हे लिहितोय म्हटल्यावर ती म्हणाली, "लिही. पण मला वाचवायला लिहितोयस असं दाखवू नकोस."

सोमवारी महालात आईकडे गेलो. पाटावर बसून तांदूळ निवडत होती. सगळं सांगितलं, आकड्यांसकट. तिचा हात ताटात थांबला. बऱ्याच वेळाने म्हणाली, "पण तिची नळी बंद होती ना?"

"एकच, आई. आणि तीही बहुधा नाही."

ती उठली, गॅसवर चहा ठेवला. मी ताट ओढून राहिलेले तांदूळ निवडायला घेतले.