पुण्याची दुर्बीण आणि डब्लिनचे ग्रब

इतकी वर्षं पुण्यात काढली पण देशातली तेव्हाची सगळ्यात मोठी दुर्बीण एकेकाळी इथे होती हे मला अलीकडेच कळलं. आत्ताचं सीओईपी (इंजिनिअरिंग कॉलेज) म्हणजे तेव्हाचं कॉलेज ऑफ सायन्स, तिथली महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा, 20 इंची आरसा, साल 1888. दुर्बीण बनवली होती डब्लिनच्या ग्रब कंपनीने, आणि मग मी या ग्रब लोकांच्या मागेच लागलो.

थॉमस ग्रब आधी बिलियर्ड्सची लोखंडी टेबलं बनवायचा, पुढे बँक ऑफ आयर्लंडसाठी नोटा छापायची मशिनं. पण मला त्याचं सगळ्यात आवडलेलं काम 1835 च्या सुमाराचं, आयर्लंडमधल्याच आर्माच्या वेधशाळेसाठी केलेली 15 इंची दुर्बीण. मोठा आरसा स्वतःच्याच वजनाने किंचित वाकतो, तेवढ्यानेही तारा फिसकटतो, तर ग्रबने आरशाखाली तरफांची अशी रचना केली की प्रत्येक आधारावर सारखंच वजन येईल, दुर्बीण कुठेही वळवा. किती साधं आणि किती सुंदर! हीच पद्धत पुढे मोठमोठ्या आरशांना वापरली गेली.

मुलगा हॉवर्डने व्हिएन्नासाठी 27 इंची भिंगाची दुर्बीण केली, तेव्हा ती जगात सगळ्यात मोठी. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचे पेरिस्कोप करत कारखाना इंग्लंडमधे सेंट ऑल्बन्सला हलला, नंतर पैशाची ओढाताण झाली आणि 1925 मधे वाफेच्या टर्बाईनचा शोध लावणाऱ्या चार्ल्स पार्सन्सने तो विकत घेऊन न्यूकॅसलला नेला. याच पार्सन्सच्या वडिलांनी, लॉर्ड रॉस यांनी, आयर्लंडमधे 6 फुटी आरशाची दुर्बीण उभारली होती! या नव्या कंपनीच्या, म्हणजे ग्रब पार्सन्सच्या, 74 इंची दुर्बिणी टोरांटो, प्रिटोरिया, इजिप्त, जपानपर्यंत गेल्या. कंपनी 1985 ला बंद पडली, आणि तिची शेवटची मोठी दुर्बीण, 4.2 मीटरची विल्यम हर्शेल, स्पेनच्या ला पाल्मा बेटावर 1987 मधे पहिल्यांदा आकाशाकडे वळली. हे वाचताना खरंच गलबलून आलं.

पुण्याची वेधशाळा प्रोफेसर कावसजी नेगामवाला यांनी सांभाळली, 1898 चं खग्रास सूर्यग्रहणही त्यांनी आपल्या सोलापूरकडच्या जेऊरला जाऊन टिपलं. 1912 मधे ते रिटायर झाले आणि वेधशाळाच बंद झाली, दुर्बीण गेली तमिळनाडूत, कोडाईकनालच्या वेधशाळेला. पैसे भावनगरच्या महाराजांनी दिले होते म्हणून तिकडे तिला भावनगर टेलिस्कोप म्हणतात, नावात पुणे कुठेच नाही, आणि मला ते फार लागतं.