मेंढ्या विकल्या आणि व्याज आलं

अल्बेनियाला जाऊन आलो म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न असतो, ते नक्की कुठे आलं? आणि दुसरा, तिथे खायला काय मिळतं? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. ग्रीसच्या डोक्यावर आणि समुद्रापलीकडे इटली. दुसऱ्याचं उत्तर पुढे येईल. तिसरा प्रश्न मला अजून कोणीच विचारलेला नाही, तो म्हणजे तिथल्या बँकांचं काय? माझं सगळं आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेलं. त्यामुळे लोक जिथे निळा समुद्र बघायला जातात, तिथून मी व्याजदराची गोष्ट घेऊन आले. ज्यांना निळा समुद्र हवा असेल त्यांनी दुसरीकडे बघावं. क्सामिलच्या समुद्रकिनाऱ्याचे फोटो नेटवर हजारोंनी पडलेत.

आम्ही मुलीकडे जर्मनीला गेलो होतो, तिथूनच निघालो. शेंगेन व्हिसा आधी वापरलेला होता, त्यामुळे वेगळा व्हिसा लागला नाही. तिरानाच्या विमानतळाला मदर तेरेसांचं नाव आहे. त्यांचं घराणं अल्बेनियन, त्यामुळे आपण इंडिया म्हटलं की टॅक्सीवाल्यापासून फळवाल्यापर्यंत सगळे छातीवर हात ठेवून ‘नेने तेरेजा!’ म्हणतात. पुढचा अर्धा तास कोणी आपल्याला फसवत नाही. निदान आम्हाला तरी नाही फसवलं.

तिराना मला फारसं आवडलं नाही. जिकडे बघावं तिकडे क्रेन आणि काचेचे उंचच उंच टॉवर. रात्री वर पाहिलं तर त्यातल्या निम्म्या मजल्यांवर दिवेच नाहीत. कॅफे मात्र भरलेले, आणि सिगारेटचा धूर असा की यांना रोज रात्री खोकला. पंतप्रधान एदी रामा मूळचे चित्रकार. २००० साली तिरानाचे महापौर झाले तेव्हा त्यांनी साम्यवादी काळातल्या करड्या इमारती नारिंगी, जांभळ्या, पोपटी रंगवून काढल्या. त्यातल्या काही अजून दिसतात. हुकूमशहा एन्वर होजाचं संग्रहालय म्हणून १९८८ साली बांधलेला काँक्रीटचा पिरॅमिडही पाहिला. आता त्याच्या उतारावर पायऱ्या केल्यात आणि आत मुलं कोडिंग शिकतात. माझे गुडघे अर्ध्यावर बोलायला लागले.

पैशांचा एक घोळ मात्र मजेशीर आहे. तिथलं चलन लेक, त्याचा भाव आपल्या रुपयाच्या आसपास, म्हणजे हिशेब सोपा. पण १९६५ साली सरकारने चलनातलं एक शून्य काढून टाकलं, आणि बाजारात लोक अजूनही जुन्याच लेकमध्ये भाव सांगतात. द्राक्षांचे हजार ऐकून यांचा चेहरा पडला. प्रत्यक्षात द्यायचं होतं शंभराचं नाणं. सरकारने काढलेलं शून्य साठ वर्षं झाली तरी लोकांनी मनावर घेतलेलं नाही. तेव्हा मी हसले होते. या देशाचा स्वभाव आपल्याला त्या फळवाल्यानेच दाखवला होता हे जिरोकास्तरला गेल्यावर कळलं.

जिरोकास्तर दक्षिणेला, ग्रीसच्या सीमेजवळ. डोंगरउतारावर दगडी घरं, छपरंसुद्धा दगडाच्या लाद्यांची, आणि रस्ते इतके गुळगुळीत की पाऊस पडला तर माणूस बाजारात चालत नाही, घसरत पोचतो. युनेस्कोच्या यादीतलं गाव. होजा याच गावचा. किल्ला पाहिला, आणि त्याच्या खाली होजाच्या काळात अणुयुद्धाच्या भीतीने खोदलेला बोगदाही. बोगद्यात बंद पडलेल्या कार्यालयाचा ओला वास येतो. मला आमची जुनी स्ट्राँग रूम आठवली.

आम्ही उतरलो होतो ते घर अगदी वर होतं. ते कोणी आधी सांगितलं नव्हतं. खोली छान, गादी छान, न्हाणीघराचं दार लागत नव्हतं. मालक माझ्यापेक्षा फार तर दहा-बारा वर्षांनी मोठे, पण आम्ही आपसात त्यांना आजोबाच म्हणायचो. मुलगा ग्रीसमध्ये कामाला, सून परत येऊन घर चालवते. तिला उत्तम इंग्रजी येतं. रात्री तिने चिफची केली. भात, अंडं आणि पुदिना एकत्र करून तळलेले गोळे, आणि ते करायचं भांडं म्हणजे थेट आपलं अप्पेपात्र. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडं हातात घेऊन पाहिलं. बिडाचं, काळंभोर, सासूच्या सासूचं. मांस न खाणाऱ्यांनी या गावात उपाशी राहायचं कारण नाही.

जेवण झाल्यावर आजोबांनी राकीची, म्हणजे तिथल्या दारूची, बाटली काढली. यांना दिली, मला पहाडी चहा. कोण कुठले, काय करत होता अशी चौकशी झाली. मी बँकेत मॅनेजर होते हे सुनेने सांगितलं आणि आजोबा एकदम गप्प झाले. मग उठून आत गेले. मला वाटलं झोपायला गेले. ते परत आले ते एक खाकी लिफाफा घेऊन.

लिफाफ्यात एक कागद. घड्यांवर चिकटपट्टी लावून जोडलेला. पावती कम करारनामा. गोल शिक्का, अनुक्रमांक, निळ्या शाईत हाताने लिहिलेली रक्कम, खाली दोन सह्या. सवयीने माझी नजर आधी परवान्याचा क्रमांक शोधायला लागली. नव्हता. मध्यवर्ती बँकेचा उल्लेख कुठेच नाही. मुदत तीन महिने. मी तारीख वाचली. १९९६ चा नोव्हेंबर.

“तुम्ही त्या खिडकीत असता,” आजोबांनी सुनेकडून विचारलं, “तर मला थांबवलं असतंत?”

या प्रश्नाला थोडी पार्श्वभूमी लागते. १९९१ पर्यंत या देशात खासगी मोटारही ठेवता येत नव्हती. मग राजवट कोसळली. शेतीची सहकारी केंद्रं मोडून त्याच वर्षीच्या कायद्याने जमीन कसणाऱ्यांना वाटून दिली, आणि तरुण मंडळी मिळेल त्या वाटेने ग्रीसला, इटलीला पळाली. त्या ऑगस्टमध्ये व्लोरा नावाच्या एकाच जहाजावर हजारोंनी माणसं लटकून इटलीत बारीला पोचली होती. बाहेरून पैसे येऊ लागले. ते ठेवायचे कुठे? जवळजवळ सगळ्या ठेवी तीन सरकारी बँकांत, आणि त्या बँका थकीत कर्जांनी कुजलेल्या. उद्योगाला कर्ज हवं असेल तर बँकेबाहेरच्या खासगी बाजारातूनच उचलायचं. तिथे लोकांकडून ठेवी घेणाऱ्या ‘कंपन्या’ आल्या. सुरुवातीला महिना चार-पाच टक्के, मग आठ. महिना आठ टक्के चक्रवाढीने म्हणजे वर्षात लाखाचे अडीच लाख. त्यातल्या काहींची कमाई युगोस्लाव्हियावर निर्बंध असताना तिकडे चोरून माल पाठवण्यातून होत होती. निर्बंध सैल झाले, कमाई आटली, आणि जुन्यांचं व्याज भागवायला नवे ठेवीदार लागले. म्हणून दर आणखी वर. १९९६ च्या नोव्हेंबरात एक कंपनी तीन महिन्यांत पैसे तिप्पट म्हणत होती, तर दुसरी दोन महिन्यांत दुप्पट. लोकांनी घरं विकली, शेतकऱ्यांनी जनावरं बाजारात आणली.

आजोबांनी मेंढ्या विकल्या. त्याआधी ग्रीसमध्ये संत्री तोडून आणि विटा वाहून जमवलेले ड्राक्मा होतेच. पहिलं व्याज खरोखर हातात आलं, त्यातून रंगीत टीव्ही घेतला. पुढचं व्याज घेतलंच नाही, मुद्दलात टाकलं. हे ऐकताना मला पुढचं सगळं पाठ होतं. पहिला हप्ता नेहमीच मिळतो.

आता त्यांच्या प्रश्नाचं उत्तर. मी खरं ते सांगितलं. त्याच सुमारास आमच्याकडे महाराष्ट्रात सागवानाच्या झाडांत पैसे गुंतवायचं खूळ आलं होतं. आज एक रोप घ्या, वीस वर्षांनी मुलीचं लग्न त्यातून. माझ्या शाखेतले पेन्शनर मुदत ठेवी मोडून तिकडे पैसे नेत होते. मी प्रत्येकाला समोरची खुर्ची देऊन समजावलं. त्यातला एकही थांबला नाही. एका मास्तरांनी तर, तुमच्या बँकेचं टार्गेट बुडतं म्हणून तुम्ही सांगताय, असं तोंडावर ऐकवलं. “तेव्हा आजोबा, मी सांगितलं असतं, आणि तुम्ही ऐकलं नसतं.”

सुनेने हे भाषांतर केलं आणि आजोबा इतके हसले की राकी सांडली. मग बोट उगारून म्हणाले, “तुमच्या झाडवाल्यांकडून तुमच्या पंतप्रधानांनी पदक घेतलं होतं का?”

मी गप्प. कारण इथे घेतलं होतं. यात धोका आहे असं मध्यवर्ती बँक सांगत होती, नाणेनिधी आणि जागतिक बँक सांगत होती, बेकायदा ठेवी घेणाऱ्यांना बंद करायचा अधिकार त्याच वर्षीच्या बँकिंग कायद्याने मध्यवर्ती बँकेला दिलेला होता. पण सरकारने तिला साथ दिली नाही, आणि त्याच नोव्हेंबरात एका कंपनीच्या वर्धापनदिनी पंतप्रधान आणि संसदेचे सभापती यांनी तिच्याकडून पदकं स्वीकारली. खेड्यातल्या माणसाने यातून काय समजायचं? आमच्याकडच्या मास्तरांना मी लोभी म्हणू शकते. या माणसाला म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

१९९७ च्या जानेवारीत सगळं कोसळलं. कंपन्यांची देणी देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या घरात होती. मार्चपर्यंत दक्षिण भागावर सरकारचा ताबाच उरला नाही, शस्त्रागारं फुटली, सुमारे दोन हजार माणसं मेली, इटलीच्या नेतृत्वाखाली परदेशी फौजा आल्या. आजोबांनीही एक कलाश्निकोव्ह घरी आणली होती. “सगळेच आणत होते. काय करायचं तिचं ते कोणालाच माहीत नव्हतं.” नंतर विहिरीत टाकली. राष्ट्राध्यक्ष बेरिशा त्या उन्हाळ्यात पायउतार झाले. पुढे तेच आठ वर्षं पंतप्रधान झाले आणि आजही विरोधी पक्षाचे नेते आहेत, हे सांगताना सून फक्त भुवया उडवते.

बँकर स्वभाव जात नाही. मी विचारलं, आता ठेवींना विमा आहे, पंचवीस लाख लेकपर्यंत, मग आता तरी बँकेत ठेवता ना? आमच्या पाच लाखांच्या विम्यापेक्षा कितीतरी बरा! आजोबांनी वर बोट केलं. वरचा मजला. अर्धवट भिंती, आकाशात गेलेल्या सळ्या. मुलाकडून युरो आले की दोन खिडक्या, पुन्हा आले की दोन दारं. तिरानातले ते अंधारे टॉवरही थोडेफार असेच असावेत, नुसते मोठे. त्यातला पैसा कोणाचा यावर तिथे दर कॅफेत वेगळी कथा ऐकायला मिळते.

सून शिकलेली, तिचा वैताग वेगळा. घरामागच्या जमिनीचा दावा अपिलात पडून आहे. जमिनीच्या वाटपात जुने मालक आणि नवे मालक यांचे कागद एकमेकांवर चढलेत, हे तर देशभर. त्यात २०१६ च्या न्यायसुधारणेत सगळ्या न्यायाधीशांची संपत्ती तपासायला घेतली. बरेच जण घरी गेले, बरेच आपणहून गेले, आणि मधल्या काळात घटनात्मक न्यायालयात खटला चालवायला पुरेसे न्यायाधीशच नव्हते. तिचं म्हणणं, चोर गेले हे चांगलंच झालं, पण माझी तारीख कोण देणार? युरोपीय संघात जायच्या वाटाघाटी २०२२ मध्ये सुरू झाल्यात आणि २०३० चं लक्ष्य सरकार सांगतं. भ्रष्टाचारविरोधी विशेष यंत्रणेने तिरानाच्या महापौरांना २०२५ मध्ये अटकही केली. त्याच सप्टेंबरात रामांनी सरकारी खरेदीसाठी दियेला नावाची चक्क संगणकी मंत्री नेमली, पारंपरिक पोशाखातली, पडद्यावर बोलणारी. “निदान तिला मेहुणा नाही,” सून म्हणाली.

पण तिलाही परत ग्रीसला जायचंय. २०११ मध्ये अठ्ठावीस लाख होती ती लोकसंख्या २०२३ च्या जनगणनेत चोवीस लाखांवर आली. त्याच वर्षी परदेशी पाहुणे मात्र एक कोटीहून जास्त. गाव पाहुण्यांसाठी झाडून-पुसून ठेवायचं आणि गावातली माणसं दुसऱ्याच्या गावी झाडू-पोछाला, असं काहीसं चाललंय. आपल्या कोकणातल्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

सकाळी निघताना बिलावरून जरा खटका उडाला. कार्ड चालत नाही, रोखच द्या. ठीक. मग आजोबांनी सुचवलं, पावती नको असेल तर दहा टक्के कमी. तिकडे आता प्रत्येक पावती करखात्याच्या यंत्रणेतून ऑनलाइन निघते, त्यावर क्यूआर कोड असतो. मी म्हटलं, पावती हवी. हे मराठीत माझ्या कानाशी पुटपुटले, अगं, दहा टक्के! आजोबांनी सुनेमार्फत सुनावलं की रात्रभर एवढं ऐकूनही तुम्ही सरकारच्याच बाजूच्या. मी म्हटलं, मी पावतीच्या बाजूची. सुनेने मोबाइलवर पावती काढली, आजोबांनी खिशात द्राक्षं कोंबली, आणि दहा टक्क्यांचा विषय यांनी समुद्रकाठच्या सारांदाला जाणाऱ्या बसमध्येही सोडला नाही. सारांदा गर्दीचं आणि महाग. तिथे वाळूवरच्या दोन खुर्च्यांचे जे पैसे मागितले, त्यात ते दहा टक्के तीनदा निघाले असते. पावती तिथे कोणी दिली नाही, आणि सूटही नाही.